ग्लॉक १९ की ४३एक्स: आपल्या हाताला कुठलं बसतं ते कसं बघायचं

पहिलं पिस्तूल घ्यायचं म्हटलं की माणूस हमखास दोन नावांवर येऊन अडकतो आणि मग रोज रात्री व्हिडिओ बघत बसतो. अमका म्हणतो हे घ्या, तमका म्हणतो ते घ्या, पण व्हिडिओवाल्याचा पंजा काही आपल्या मनगटाला जोडलेला नसतो ना. म्हणून इथे कुठलं पिस्तूल भारी यावर बोलायचंच नाहीये, दोन्ही हातात घेऊन आपणच कसं ठरवायचं तेवढंच सांगतोय. उदाहरणाला ग्लॉक १९ (पाचवी जनरेशन) आणि ग्लॉक ४३एक्स घेतलेत कारण नवीन लोक बहुतेक वेळा याच जोडीत अडकतात, पण तुमच्या मनात दुसरी दोन असतील तरी पायऱ्या त्याच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. "कम्फर्टेबल" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: नुसतं हातात धरताना कसं वाटतं, गोळी झाडताना कसं वाटतं, आणि दिवसभर कमरेला लावल्यावर कसं वाटतं. आणि या तिघांचं आपसात अजिबात पटत नाही. जे कमरेला हलकं तेच रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) हाताला जास्त झटका देतं, आणि काउंटरवर हातात घेतल्याघेतल्या जे "वा!" वाटतं त्याचा रेंजवरच्या चौथ्या मॅगझिनशी (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काही संबंध असेलच असं नाही.

सुरुवात करण्याआधी

लायसन्स आणि कायदा, तुम्ही राहता तिथला, तो आधी नीट बघून घ्या. काही देशांत ९ एमएम (या दोन्हींत लागते ती गोळी) सामान्य माणसाला मिळतच नाही, काही ठिकाणी मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतील यावर बंधन असतं, मग सगळी निवडच बदलते.

आणि हातात देताना समोरच्याने मॅगझिन काढून, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) रिकामं दाखवलं तरी तुम्ही स्वतः परत बघायचं. नजरेने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं पण. यात कोणाला राग येत नाही, उलट न बघता घेतलंत तर जाणकार माणूस लगेच ओळखतो की हा नवखा आहे. नळी कुणाकडेही नको, बोट ट्रिगरच्या बाहेर फ्रेमवर (स्लाइडखालच्या सांगाड्यावर) सरळ, आणि ट्रिगर दाबून बघायचा असेल तर ज्याचं पिस्तूल आहे त्याला विचारून, सुरक्षित दिशेला नळी धरून. एवढं झालं की पुढे.

आकडे एकदाच बघा

ग्लॉक १९ बाजारात आलं १९८८ला, पाचवी जनरेशन २०१७ला. ४३एक्स आलं २०१९ला. दोन्ही ९×१९ची, म्हणजे काडतूस तेच. १९ची नळी १०२ मिमी, ४३एक्सची ८७ मिमी. मॅगझिन लावून उंची दोघांची सारखीच, १२८ मिमी. जाडी मात्र १९ची ३४ आणि ४३एक्सची २८. १९च्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात, ४३एक्समध्ये १०. रिकामं, मॅगझिनशिवाय वजन १९चं साधारण ६०० ग्रॅम, ४३एक्सचं साधारण ४६५. पूर्ण भरलं की १९ साडेआठशेच्या आसपास जातं आणि ४३एक्स साडेसहाशेच्या आसपास.

आता यातला मजेशीर आकडा उंचीचा आहे, सारखा असलेला. लोक ४३एक्सला "छोटं" म्हणतात पण मुठीला मिळणारी उंची तीच आहे, करंगळी दोन्हीवर बसते, हवेत लटकत नाही. फरक आहे तो जाडीत आणि वजनात. म्हणजे ही जोडी तुलनेला फार सोयीची, कारण बाकी बरंच सारखं ठेवून एकट्या जाडीने हाताला काय होतं ते कळतं.

पायरी १: हात मागून, वर, घट्ट

उजवा असाल तर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जेवढं वर जाईल तेवढं वर चढवा, स्लाइडच्या खाली अगदी. मग मधलं बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) खाली घट्ट टेकवा, बाकीची दोन त्याखाली. आता थांबा आणि वरून बघा. नळी आणि तुमचा कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आहे का?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही आहे आणि नवीन लोक नेमकी हीच करत नाहीत. ग्रिप (पिस्तुलाची मूठ) हाताला मोठी पडत असेल तर माणूस नकळत काय करतो, ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून अख्खा पंजा ग्रिपभोवती फिरवतो, मग पिस्तुलाची पाठ बेचक्यात न बसता अंगठ्याच्या मुळाच्या हाडावर येते. हातात धरून उभं राहिलं तर काही जाणवत नाही, छानच वाटतं, पण गोळी झाडली की सगळा झटका त्या सांध्यावर बसतो आणि अर्ध्या तासात तिथे ठणकायला लागतं. शिवाय प्रत्येक गोळीला पिस्तूल हातात थोडं थोडं वळतं. तर रेष सरळ ठेवून, पंजा न फिरवता बोट पोचतंय का हाच प्रश्न. रेष मोडून पोचत असेल तर ते पोचणं धरायचं नाही.

पायरी २: बोट ट्रिगरवर कुठे पडतं

चेंबर परत तपासा. परवानगी घ्या. आता तर्जनी ट्रिगरवर. पहिल्या पेराचा मांसल भाग, नखाच्या बरोबर मागचा, तो ट्रिगरच्या मधोमध यायला हवा. फक्त टोक टेकत असेल तर पिस्तूल तुम्हाला मोठं पडतंय, आणि पेराच्या सांध्यापर्यंत बोट आत जात असेल तर लहान पडतंय. हे ढोबळ आहे, काही चांगले नेमबाज सांध्याने पण दाबतात, पण सुरुवातीला हाच नियम धरा.

दुसरं बघायचं म्हणजे बोटाची बाजू फ्रेमला घासते का. ट्रिगर दाबताना बोट आणि फ्रेम यात थोडीशी फट दिसली पाहिजे. लांब बोटांच्या माणसाला ४३एक्सवर इथेच अडचण येते, बारीक ग्रिपमुळे बोट जास्त आत येतं, फ्रेमला चिकटून बसतं आणि दाबताना पिस्तुलाला बाजूला ढकलतं. पुढची साइट (नळीच्या टोकाकडचा, नेम धरायचा उंचवटा) भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर धरा, हळू दाबा, आणि क्लिक होताना साइट हलते का बघा. दोन्ही पिस्तुलांवर सात-आठ वेळा करा. ज्यावर साइट जागची हलत नाही त्यावर बोट नीट पोचतंय.

१९मध्ये एक सोय आहे जी ४३एक्समध्ये नाही. मागे लावायच्या पट्ट्या, बॅकस्ट्रॅप म्हणतात त्या, मिळतात. काहीच न लावता ग्रिप सगळ्यात लहान, मग एक पट्टी २ मिमीने वाढवते, दुसरी ४ मिमीने. दोन मिमी म्हणजे काय होतंय असं वाटेल पण बोटाच्या टोकावर दोन मिमी म्हणजे टोक आणि मांसल भाग यातला फरक. दुकानात १९ बहुतेक वेळा पट्टीशिवायच ठेवलेलं असतं, तर हात मोठा असेल तर "बारीक वाटतंय" म्हणून लगेच नाकारू नका, पट्टी लावून द्या म्हणावं. ४३एक्सची ग्रिप मात्र आहे तशी आहे, पटली तर पटली.

पायरी ३: दुसऱ्या हाताला जागा आहे का

हे कुठे फारसं कोणी सांगत नाही. पिस्तूल दोन हातांनी झाडतात, पण दुकानात सगळे एका हाताने धरून "मस्त बसतंय" म्हणतात. उजव्या हाताने नीट पकडल्यावर ग्रिपची डावी बाजू बघा, बोटांची टोकं आणि अंगठ्याचं मूळ यांच्यामध्ये प्लास्टिक किती दिसतंय? तिथे डाव्या तळव्याची गादी टेकायची असते. मोठ्या हाताच्या माणसाची बोटं ४३एक्सला पूर्ण वेढा घालून अंगठ्याच्या मुळाला भिडतात, मग डाव्या हाताला टेकायला पिस्तूल उरतच नाही, तो आपल्याच बोटांवर बसतो आणि झटक्याला सुटतो. म्हणजे हातात मावलं हे खरं, पण प्रमाणाबाहेर मावलं.

मध्यम किंवा लहान हाताला उलट १९वर बोटं पुढे अर्ध्यावरच थांबतात आणि डाव्या हाताला भरपूर जागा मिळते, ते वाईट नाही. फक्त पायरी १ची रेष मोडत नसली पाहिजे.

आणि हो, "हात लहान तर पिस्तूल लहान" हे जे सरसकट सांगितलं जातं, विशेषतः बायकांना, ते ऐकून सोडून द्या. काउंटरवर बाई दिसली की सगळ्यात चिमुकलं पिस्तूल पुढे सरकवायची काहींना सवयच असते. चिमुकलं हलकं असतं, हलकं म्हणजे झटका जास्त, आणि स्लाइड ओढायलाही ते सोपं असेलच असं नाही. बोटाची पोच मोजा, बाईमाणूस बाप्यामाणूस काही नाही.

पायरी ४: स्लाइड, बटणं, आणि डावखुरे

स्लाइड ओढून बघा, पण चिमटीत धरून ओढू नका, तसं कुणालाच जमत नाही. डावा पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून टाका, चारही बोटांनी पकडा, आणि डावा हात मागे ओढताना उजव्याने पिस्तूल पुढे ढकला. आखूड नळीच्या पिस्तुलात स्प्रिंगला कमी जागेत तेवढंच काम करायचं असतं म्हणून लहान पिस्तुलं साधारणपणे कडक लागतात, आणि ४३एक्सची स्लाइड अरुंद आहे म्हणजे पकडायलाही कमी मिळतं. घामट हातांनी पण करून बघा.

मग मॅगझिन सोडायचं बटण, अंगठ्याला पकड फारशी न हलवता लागतं का. स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवून धरणारा खटका) अंगठा आपोआप दाबून बसत नाही ना, तसा बसला तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही आणि लोक उगाच पिस्तुलात दोष शोधत बसतात.

डावखुऱ्यांनो, तुमच्यासाठी खरा फरक इथे आहे. मॅगझिनचं बटण दोन्ही पिस्तुलांवर उलट्या बाजूला लावून घेता येतं, पण स्लाइड स्टॉप १९च्या पाचव्या जनरेशनवर दोन्ही बाजूंना आहे आणि ४३एक्सवर फक्त डाव्या बाजूला. चालवून घेता येतं, स्लाइड हाताने ओढून सोडायची सवय लावली की झालं, पण घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

डोळे मिटून पिस्तूल समोर उचलायचं आणि उघडून साइट कुठे आलीय बघायचं ही जी प्रसिद्ध टेस्ट आहे ना, ती करा हवं तर, पण माझ्या मते तिला फार भाव देऊ नये. हाताला कोनाची सवय सरावाने लागते, बोटाची लांबी काही सरावाने वाढत नाही.

पायरी ५: रेंजवर, आणि क्रम लावून

इथे घाई करू नका. भाड्याने किंवा ओळखीतून दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या गोळ्यांनी झाडायला मिळाली पाहिजेत. एकावर हलकी सरावाची गोळी आणि दुसऱ्यावर तिखट गोळी असं झालं तर तुलना गोळ्यांची होईल, पिस्तुलांची नाही.

झटक्याचा हिशोब सोपा आहे. तीच गोळी असेल तर पिस्तुलाच्या अंगावर येणारी झटक्याची ऊर्जा वजनाच्या उलट्या प्रमाणात बदलते. भरलेलं १९ साडेआठशे ग्रॅम आणि ४३एक्स साडेसहाशे, म्हणजे ४३एक्सला साधारण ३० टक्के जास्त, आखूड नळीमुळे गोळीचा वेग जरासा कमी होतो तो हिशोबात धरला तरी चांगलाच फरक राहतो. वर ती ऊर्जा तळव्याच्या अरुंद पट्ट्यावर येते, कारण ग्रिप बारीक. जाड ग्रिप तळव्यावर ढकलते, बारीक ग्रिप टोचते. आणि मॅगझिन रिकामं होत जातं तसं पिस्तूल आणखी हलकं होतं, शेवटच्या गोळ्या जास्त उड्या मारतात ते त्यामुळे.

क्रम असा ठेवा: आधी एक, मग दुसरं, परत दुसरं, मग पहिलं. का, तर सलग झाडलं की दुसऱ्या पिस्तुलाच्या वाट्याला दमलेला हात येतो आणि त्याचा दोष पिस्तुलाला लागतो. अंतर पाच-सात मीटर पुरे.

आणि टार्गेटवरची भोकं मोजत बसू नका. बघायचं हे की पाच गोळ्या झाडल्यावर हात तिथेच आहे का जिथे पहिल्या गोळीला होता. पाचवी झाली की बोट ट्रिगरबाहेर काढा, नळी समोरच ठेवा, आणि बेचकं बघा. खाली सरकलंय? डावा हात सुटून पुढे आलाय? प्रत्येक गोळीनंतर पकड परत जुळवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुम्हाला बसत नाहीये, गोळ्या मध्ये लागत असल्या तरी. कारण संथ झाडताना माणूस वेळ घेऊन सगळं जुळवून घेतो.

इन्स्ट्रक्टर असेल तर त्याला सांगा की मॅगझिनमध्ये अधूनमधून एखादी खोटी गोळी, स्नॅप कॅप, मला न सांगता भर. खोटी आली की फक्त क्लिक होतं, आणि त्या क्षणी नळी खाली बुडाली तर समजायचं की तुम्ही झटक्याच्या भीतीने आधीच हात दाबताय. हे सगळ्यांचं थोडंफार होतं, लाजायचं काही नाही. पण एका पिस्तुलावर नळी बोटभर बुडते आणि दुसऱ्यावर जेमतेम हलते असं दिसलं तर हाताने त्याचं उत्तर दिलेलं आहे, तोंडाने तुम्ही काहीही म्हणा. चौथ्या मॅगझिननंतर परत करा ही टेस्ट, ताज्या हाताला सगळंच जमतं.

शेवटी तळवा बघा. अंगठ्याच्या मुळाशी लाल झालंय तर पंजा फिरतोय. बेचक्यावर वरच्या बाजूला दोन बारीक ओरखडे दिसले तर स्लाइड चावतेय, गुबगुबीत हाताच्या लोकांना १९वर हे होतं, त्यावर शेपटीवाली बॅकस्ट्रॅप मिळते, बेचक्यावर छप्पर धरणारी. ४३एक्सला तशी शेपटी मुळातच आहे.

पायरी ६: कमरेला

ज्यांना फक्त रेंजसाठी किंवा घरात ठेवायला हवंय त्यांनी ही पायरी सोडा आणि सरळ १९कडे झुका, हलकेपणाचा तुम्हाला काही उपयोग नाही, नुसता त्रास आहे.

बाळगायचं असेल तर एक गैरसमज काढतो. कपड्यातून दिसते ती नळी नाही, मूठ दिसते. नळी पँटच्या आत खाली जाते, मूठ वर राहते आणि वाकलं की शर्टाला तंबू करते. आणि मुठीची उंची तर दोघांची सारखी, १२८ मिमी! म्हणजे नुसतं लपवायचं म्हणून ४३एक्स घेणार असाल तर तितकासा फायदा नाही. फायदा आहे तो बसल्यावर पोटाला आणि मांडीला टोचत नाही त्यात, सहा मिमी जाडी बसून राहणाऱ्याला चांगलीच जाणवते, आणि दोनशे ग्रॅम वजन संध्याकाळपर्यंत पट्ट्याला जाणवतं. खरोखर आखूड मूठच हवी तर ते ग्लॉक ४३, १०८ मिमी उंचीचं, पण त्यात गोळ्या सहा आणि करंगळी हवेत, मग वरचे सगळे पाढे पहिल्यापासून.

ताठ पट्टा आणि चांगलं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) लावून मगच ठरवा. मऊ पट्ट्यावर दोन्हीही लोंबतात. होल्स्टर ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं आणि कडकच हवं, कारण ग्लॉकवर अंगठ्याने लावायची सेफ्टी सहसा नसते, एक सेफ्टी ट्रिगरच्याच मधल्या पात्यात असते आणि बाकीच्या दोन आत. ट्रिगर दाबला गेला तर तिन्ही उघडतात, बोटाने दाबला की शर्टाच्या टोकाने दाबला हे त्याला कळत नाही.

मग कुठलं

बोट रेषेत पोचतंय आणि डाव्या हाताला जागा मिळतेय असं दोन्हीवर होत असेल, रेंजवरही फार फरक नसेल, तर नवीन माणसाने १९ घ्यावं असं मी म्हणेन. पट्टी बदलून जुळवता येतं, वजन झटका खातं, सराव जास्त होतो कारण हात दुखत नाही. ४३एक्स तेव्हा, जेव्हा पट्टी न लावता पण १९वर पंजा फिरवावा लागतोय, किंवा रोज दिवसभर बसून काम आहे आणि पिस्तूल अंगावरच असणार आहे. ४३एक्स घेतलंत तर सुरुवातीला छोटे छोटे सराव करा, एका दमात डबाभर गोळ्या उडवू नका, नाहीतर हात झटक्याला घाबरायला शिकेल आणि ते सुटायला फार वेळ लागतो.

जुनं घेणार असाल तर १९ची जनरेशन विचारा, तिसऱ्या आणि चौथ्याच्या ग्रिपवर बोटांसाठी खाचा असतात, बोटं खाचेत पडली तर ठीक, उंचवट्यावर पडली तर त्या घासून काढण्यापेक्षा पाचवी शोधा. चौथीपासून पट्ट्या मिळतात, तिसरीला त्या नाहीत.

आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी पुसायला उघडताना ध्यानात ठेवा की ग्लॉकची स्लाइड काढायच्या आधी ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन बाहेर, चेंबर नजरेने, चेंबर करंगळीने, नळी सुरक्षित दिशेला, गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग ट्रिगर.